पिवळं कार्ड

"नळ्या बदलल्या असतीन तुमच्या," प्रभाकरराव झाडे म्हणाले आणि नातीचं पिवळं कार्ड त्यांनी टेबलावर पालथं टाकलं. "कोणाचं रक्त कोणाच्या नावावर गेलं असंन. आमच्यात हे राहत नाई."

"नळ्या बदलल्या नाहीत, काका," मोनाली म्हणाली. ती या रुग्णालयात रक्त तपासायची. "आकांक्षाचं इथं तपासलं, मग जिल्ह्याला पाठवलं. दोन्हीकडं तेच आलं. आणि तिला आजार नाही. ती सिकलसेलची फक्त वाहक आहे, म्हणून कार्ड पिवळं. आईकडून नाहीतर वडिलांकडून आलं, इतकंच. तिला काही त्रास होणार नाही. फक्त लग्न जमवताना मुलाचं रक्त तपासून घ्या."

या सगळ्यातला लग्न हा एकच शब्द त्यांनी ऐकला असावा. त्यांनी मागं वळून दार लावून घेतलं. दारापाशी त्यांची सून छाया उभी होती. तिला त्यांनी आत ये म्हटलं नव्हतं, बाहेर थांब असंही म्हटलं नव्हतं.

"तुमचं आडनाव काय म्हणाले, मॅडम?"

"वानखेडे."

"कोणते वानखेडे?"

हा प्रश्न मोनालीला पाठ होता. वर्धा जिल्ह्यात वानखेडे कुणब्यांत आहेत, माळ्यांत आहेत, बौद्धांतही आहेत. नुसत्या आडनावावरून माणूस कुठल्या खणात ठेवायचा ते कळत नाही, म्हणून विचारणारा थोडा अस्वस्थ होतो. भाजीवाली विचारायची, घरमालकीण विचारायची, एकदा तर दंडात सुई असतानाच एका बाईनं विचारलं होतं.

"नाचणगावचे," ती म्हणाली.

प्रभाकररावांनी मान हलवली. गावाचं नाव सांगून जात न सांगणारे वानखेडे कोणते असतात, ते त्यांना समजलं होतं.

"मंग तुमाले वाटतच असंन, सारायच्यात असावं म्हणून."

कॉलेजातल्या शिबिरात मोनालीनं गावातल्या सगळ्या मोहल्ल्यांच्या मुलांचं रक्त घेतलं होतं. माळीपुऱ्यातली, बौद्धपुऱ्यातली, टेकडीकडच्या गोंडवस्तीतली, चौकातल्या सिंधी कापडवाल्याची दोन, मशिदीच्या गल्लीतली. ज्या क्रमानं मुलं रांगेत आली, त्या क्रमानं नळ्या ट्रेमध्ये उभ्या राहिल्या. पिवळी कार्डं बौद्धपुऱ्यात आणि गोंडवस्तीत जास्त गेली, हे खरं होतं. झाड्यांसारख्या कुणब्यांच्या घरी कमी गेली, पण गेली. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे प्रभाकररावांना कोणत्या शब्दांत सांगावं, ते तिला सुचत नव्हतं.

"हिचं काढा," ते सुनेकडं न बघता म्हणाले. "समुद्रपूरकडली हाय. तिकडचे लोक कोण कुठून आले, कोणाले माहीत."

छाया स्टुलावर बसली. चाळिशीची, हाडकुळी बाई. मोनाली पट्टा बांधायला वाकली, तेव्हा ती हळूच बोलली, "आठ दिवस झाले, मले विचारून राह्यले, तुह्या आजीचं माहेर कोणतं. मले नाई माहीत आजीचं माहेर. तुमाले माहीत हाय काय तुमच्या आजीचं?"

"नाही."

"मंग? मलेच काऊन माहीत पायजे?"

औषधाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं आणि नळी काळ्या रेघांच्या कागदासमोर धरायची. पाणी गढूळ झालं की रेघा दिसत नाहीत. मग सिकलसेल आहे. रेघा दिसल्या की नाही. मोनालीनं नळी धरली. लालसर पाण्यातून सगळ्या रेघा स्वच्छ दिसत होत्या.

"यांच्यात नाही," ती म्हणाली. छायाचा चेहरा एकदम मोकळा झाला. मोनालीलाही बरं वाटलं, आणि नंतर तिला राग आला तो स्वतःच्या या बरं वाटण्याचा.

"म्हणजे हिचं साफ."

"हो."

"आन् आमचं त साफच हाय." प्रभाकरराव जरा थांबले. मग आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी सुनेच्या तोंडाकडं नीट पाहिलं. "मंग पोरीत आलं कुठून?"

छायाच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा उतरताना मोनालीला दिसला.

"काका, थांबा. कैलासभाऊंना पाठवा. मुलीत वडिलांकडूनही येतं. त्यांचं तपासल्याशिवाय असं काही..."

"कैलासचं काऊन तपासायचं?" त्यांनी कार्ड उचलून सदऱ्याच्या खिशात घातलं. "चाल व."

छाया उठली. दंडावरचा कापूस खाली पडला, तो तिनं उचलून टोपलीत टाकला आणि सासऱ्यांच्या मागं निघून गेली.

दोन दिवसांनी, दुपारी रुग्णालय रिकामं झाल्यावर, एक म्हातारी बाई दारात येऊन उभी राहिली. कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी.

"झाड्यायची रुख्माबाई मी. कैलासची माय. रक्त काढ माहं."

मोनालीला आधी संशयच आला. नवऱ्यानं पाठवली असेल, नळ्या कुठं ठेवतात, नावं कोण लिहितं ते बघायला. काल मेडिकलवाल्यानं तिला हसत हसत विचारलं होतं, "तुमच्याकडं रक्ताची अदलाबदल होते म्हणतात?" म्हणजे गोष्ट बाजारात पोचली होती.

"कोणी पाठवलं, आजी?"

"मले कोण पाठवते? मी सांगतो कोणाले कुठं जायचं ते." रुख्माबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी हात पुढं केला. "सुनेची पेटी भरून ठेवली पोट्ट्यानं. उद्याच्या समुद्रपूरच्या गाडीनं धाडून राह्यला. म्हणते, आकांक्षाचं लग्न होऊ दे, मंग पाहू. तोंडानं इतकंच म्हणते. मनात काय हाय, ते तुलेबी समजलं, मलेबी समजलं. पोरगी बापाकडं पाहत नाई, बाप पोरीकडं पाहत नाई."

"मी कैलासभाऊंना पाठवा म्हटलं होतं."

"तो येत नाई, त्याचा बाप त्याले येऊ देत नाई. मी आली न. माह्यात निंगालं म्हणजे कैलासात माह्याकडून आलं, आन् पोरीत कैलासकडून. बराबर हाय का नाई?"

"बरोबर आहे."

"मंग काढ."

रुख्माबाईंची शीर सहज सापडली. नळीत रक्त भरताना त्या दुसरीकडं बघत नव्हत्या, नळीतच बघत होत्या.

"तुमच्या लोकायत राह्यते म्हणतात हे. कसं राह्यते मंग माणूस?"

मोनालीनं सुई काढली. उत्तर द्यावं की नाही, याचा तिनं क्षणभर विचार केला. "माझंही कार्ड पिवळंच आहे, आजी. काही होत नाही. धावते, जिने चढते, दोन पाळ्या करते."

रुख्माबाईंनी तिला खालवर पाहिलं. "दिसत त नाई."

"ते दिसत नाहीच."

औषधाच्या पाण्यात थेंब टाकून मोनाली थांबली. मग तिनं नळी कागदासमोर धरली. रेघा दिसल्या, एकूण एक.

रुख्माबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग नळीकडं. त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी विचारलं नाही.

मोनालीच्या डोक्यात हिशेब आपोआप सुरू झाला. तो थांबवणं तिला जमत नव्हतं. छायात नाही. रुख्माबाईंत नाही. मग कैलासात ते असलं, तर प्रभाकररावांकडून आलं असेल. नाहीतर कैलास प्रभाकररावांचा नसेल. प्रभाकरराव रक्त देणार नाहीत. आणि उद्या देवापुढं बसून सांगितलं तरी ते यातली पहिली गोष्ट मानणार नाहीत. मग दुसरी उरते. जो संशय छायावर आहे, तोच या बाईवरही जाईल, सत्तरीच्या वयात.

"तू काय विचार करून राह्यली, ते समजते मले," रुख्माबाई म्हणाल्या.

"मी काही..."

"करून राह्यली. कर. तुहा धंदाच तो हाय." त्यांचा आवाज चढला नाही. "पिवळं कार्ड दे मले."

"नाही देता येणार, आजी. तुमच्यात नाही ते. खोटं कार्ड मी लिहिणार नाही."

"कोणी इचारलं त?"

"कुणाचा रिपोर्ट मी कुणाला सांगत नाही. घरच्यांनाही नाही."

"प्रभाकरराव आले, तरी?"

"तरी नाही. त्यांना म्हणेन, आजींना विचारा."

रुख्माबाई म्हणाल्या, "मले कार्ड दाखव म्हणायची हिंमत त्या घरात कोणाची नाई. मी सांगन, माहं माहेर हिंगणीचं. जंगलाच्या काठचं गाव. तिथलंच हाय हे, माह्या आजाच्या वक्ताचं. कोणी बाहेरून आणलं नाई, सुनेनं त नाईच. माह्यातून आलं म्हणलं की संपलं."

"आणि हिंगणीचे लोक?"

"भावाचा पोरगा हाय तिथं. दर साली न्यायले येते, मानानं. आता येणार नाई." त्यांनी पिशवीचे बंद उगाच सारखे केले. "कोणत्या तोंडानं येईन? चांगलं घर होतं त्यायचं."

मोनालीला काहीतरी म्हणायचं होतं. हा रोग नव्हे, डाग नव्हे, असं ती शिबिरात रोज म्हणायची. आत्ता ते म्हणण्यात काही अर्थ नव्हता. तिनं कापूस घेतला आणि चिकटपट्टीचा लहान तुकडा कापला.

"मोठी लाव."

"एवढ्यानं राहते, आजी. रक्त थांबलंय."

"मोठी लाव म्हणलं न."

मोनालीनं लांब पट्टी कापली, मग तिच्यावर आडवी आणखी एक लावली. रुख्माबाईंनी हात लांब करून ती पाहिली, पदर खांद्यावरून मागं घेऊन कमरेला खोचला आणि उठल्या. दारात त्यांनी वळून पाहिलं नाही.

घरी जायला रुग्णालयाच्या मागून जवळची वाट होती. त्या बाजाराकडं वळल्या. मोनाली खिडकीशी आली. ऊन होतं, तरी रुख्माबाईंनी डोक्यावर पदर घेतला नव्हता. त्या सावकाश चालत होत्या. चौकात, कापडवाल्याच्या दुकानासमोर, तीन-चार बाया उभ्या होत्या. तिथं पोचायच्या आधी रुख्माबाई थांबल्या, पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली, आणि पट्टी लावलेला हात बायांच्या बाजूला मोकळा सोडून पुढं निघाल्या.