बरोबरची खूण

"सस्पेंशन स्पेशालिस्ट म्हणे! तीन बोल्ट काढायचे, तीन लावायचे, त्याला स्पेशालिस्ट कशाला लागतो रे?"

बीड बायपासवरच्या गॅरेजची पाटी वाचून मुकुंदरावांनी हे मोठ्याने विचारलं. गॅरेजचा मालक सांडू एका गाडीखालून अर्धाच बाहेर आला होता. तो तसाच पडल्या पडल्या त्यांच्याकडे उलटा बघत राहिला.

"साहेब, बोल्ट तीनच हायेत, पन स्प्रिंग दाबून बसवावी लागती. निसटली तं जबडा घेऊन जाती मानसाचा. शॉकअप तुमचे, मजुरी चार हजार. दोन तासांत गाडी देतो."

"चार हजारांत मी तुला शिकवीन," असं म्हणून मुकुंदरावांनी स्कूटर वळवली.

दुसऱ्याचं काम मुकुंदरावांना जन्मात कधी पसंत पडलं नव्हतं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून, त्यांनी लोकांच्या टिपणांत चुका काढल्या. प्लंबर गधडा, इलेक्ट्रिशियन चोर, आणि डॉक्टर तर दोन्ही, असा त्यांचा हिशेब होता. घराणं भिक्षुकांचं. वडिलांनी पळी-पंचपात्राखेरीज काही हातात धरलं नाही. यांनी मात्र पाना धरला, आणि पंखा, पाण्याची मोटर, मिक्सर, सोळा वर्षांची गाडी, सगळं स्वतः उघडून स्वतः लावलं. त्याचा ताठा काय विचारता! अख्ख्या पुंडलिकनगराला तो ठाऊक होता.

पण पाना धरला तरी कचेरी सुटली नव्हती. काम हाती घेतलं की लेकीच्या जुन्या नेलपॉलिशने ते आधी सगळ्या बोल्टांवर बरोबरची लाल खूण करत आणि मग एकेक आवळत जात. फायलींचंही तसंच. आधी सगळ्या पानांवर खुणा, वाचन मागाहून सवडीने. आपल्या फायलीत कधी चूक निघाली नाही, हे ते चारचौघांत सांगत. कुणी काढायला गेलंच नव्हतं, हे सांगत नसत.

आता अडचण अशी होती की लेकीला, स्वरालीला, नववा लागला होता. परवा पहाटे त्यांना आणि बायकोला, भानुमतीबाईंना, फर्दापूरच्या घाटातून लेकीकडे जळगावला निघायचं होतं आणि गाडी पुढून खडखडत होती. मागच्या महिन्यात मुकुंदरावांनी डाव्या चाकाला खालून धरून ठेवणारा आर्म स्वतः बदलला, तरी आवाज जाईना. म्हणजे शॉकअपच गेले. हे निदानही त्यांचंच, आणि नवे शॉकअप त्यांनी आणूनही ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटच्या आत गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं, आणि पहिल्याच बोल्टाशी घोडं अडलं. पाना बोल्टवर बसेना. जवळ नेला की लोखंडावर लोखंड वाजायचं, टकटकटक. उजवा हात मनगटापासून थरथरत होता. दिवाळीपासूनच थरथरत होता. त्या हाताबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

"चिनी माल आहे सगळा," मुकुंदराव बोल्टावर खेकसले.

भानुमतीबाई पायरीवर चहा घेऊन उभ्या होत्या. कप अर्धाच होता.

"अर्धा का? दूध नासलं का घरातलं?"

"आहे पातेल्यात. हा संपला की देते आणखी." दिवाळीपासून त्या असाच अर्धा कप देत होत्या. "अहो, त्या बायपासवाल्याकडे नेऊ या ना. उद्या पहाटे निघायचंय."

"त्या सांडूकडे? चार बुकं तरी शिकलाय का तो?"

"रोज हेच काम करतो तो."

"गाढवही रोज ओझं वाहतं. त्याला स्पेशालिस्ट म्हणतेस का?"

पान्याची टकटक पुन्हा सुरू झाली. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे, तुम्हीच करा. पण मी या गाडीत बसणार नाही. मी एसटीने जाते."

चाळीस वर्षांच्या संसारात त्या असं पहिल्यांदा बोलल्या होत्या. मुकुंदरावांना ते फार झोंबलं. त्यांनी पाना खाली टाकला.

"जॅक डगडगतोय हा. नाहीतर तासाभराचं काम होतं."

"हो, जॅकच डगडगतोय," भानुमतीबाई म्हणाल्या.

शेजाऱ्याला चाक लावायला सांगितलं आणि अकराच्या सुमारास दोघांनी गाडी सांडूच्या दारात नेली. उद्या घाटातून जळगावला जायचंय, असं त्याला सांगून भानुमतीबाई तिथल्या खुर्चीवर बसल्या. मुकुंदराव हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि त्यांच्या सूचना सुरू झाल्या. पाना असा धर, धूळ आधी पूस, ते गाणं बंद कर. सांडू आपला "व्हय साहेब, व्हय साहेब" म्हणत काम करत होता. त्याने स्प्रिंग शिकंज्यात दाबली, नवा शॉकअप आत सोडला, अर्ध्या तासात उजवी बाजू उरकली. मुकुंदरावांना त्यात नाव ठेवायला जागा सापडेना, म्हणून ते जास्तच चिडले.

डाव्या बाजूला सांडू थांबला. वाकून खाली बघितलं, आणि गाणं त्याने स्वतःच बंद केलं.

"साहेब, हा आर्म कोनी बसवला?"

"का?"

"इकडं या. बघा." सांडूने आर्मच्या टोकाचा नट दोन बोटांनी धरला आणि बाटलीच्या बुचासारखा फिरवला. "नुसता अडकवून ठेवलाय. पिनबी टाकली नाय. अन् वर ही लाल खूण बघा, बरोबरची! खूण केली बेण्यानं, आवळायचंच इसरला! घाटात चाक फाकलं असतं साहेब. काकूबी बसनार व्हत्या ना ह्याच्यात?"

भानुमतीबाई खुर्चीवरून उठून जवळ आल्या. त्यांनी तो लाल रंग पाहिला. खुणेची रेघ सरळ नव्हती, कडेने ती हलली होती. त्या परत जाऊन बसल्या आणि पदराचा काठ बोटांनी चाचपत राहिल्या.

"नाव सांगा त्याचं," सांडू तापला होता. "आजच जाऊन दोन कानाखाली ठेवतो. ही असली अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मानसं! लोकांचे जीव घेतील अन् वर छातीबी काढतील."

मुकुंदरावांनी बायकोकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तर सगळं उघड झालं असतं. ती पदराकडेच बघत होती. महिनाभर हिला शेजारी बसवून आपण गावभर फिरवलं, हे त्यांना आठवलं.

"आहे एक, आमच्या पुंडलिकनगरातच," ते म्हणाले. "म्हातारा झालाय. हात थरथरतात त्याचे."

"मंग घरी बसावं ना! पाना कशाला धरायचा?"

"सांगतो त्याला."

सांडूने पेट्रोलची चिंधी घेऊन ती खूण पुसली, नट दोन्ही हातांनी जोर लावून आवळला आणि पिन घातली. तेवढ्यात समोरच्या टपरीवरून चहा आला. ग्लास काठोकाठ भरलेले होते. मुकुंदरावांनी आपला ग्लास दोन्ही हातांनी उचलला, तरी चहा बोटांवर सांडलाच. सांडू बघत होता. ते तसेच चालत भानुमतीबाईंपाशी गेले आणि ग्लास त्यांच्यापुढे धरला.

"यातला अर्धा काढून घे," ते म्हणाले.