वहिनीची मुलाखत

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. जळगावातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत, मोठ्या मॅडमच्या ऑफिसबाहेर माझी उमर गेली. तुमच्यासारख्या मुलांशी माझा फारसा संबंध आला नाही. माझ्यावर बसायचे ते त्यांचे आईबाप, आणि तेही जीव मुठीत धरून.

हबीब मिस्त्रींनी मला सागाच्या फळ्यांचा बनवला. काम संपल्यावर ते स्वतः माझ्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "आता खुशाल पहेलवान बसू दे." पहेलवानही येऊन गेला, आपल्या मुलाला घेऊन. प्रवेशाचे दिवस आले की डाळ मिलचे मुनीम, सोन्याचे कारागीर, केळीवाले शेतकरी, सरकारी साहेब, सगळे माझ्यावर खांद्याला खांदा लावून बसायचे आणि ए-बी-सी-डी पुटपुटायचे. "बाक मोठा मजबूत आहे हो," अशी माझी तारीफ करायचे आणि तोंडानं तारीफ चालू असताना नखांनी माझी कड कोरायचे. मी कधी कुणाला काही बोललो नाही.

एकोणीसशे एकोणनव्वद सालची गोष्ट. तेव्हा रतिलाल सर नावाचे एक मार्गदर्शक लुनावरून गावभर फिरत. मुलाखतीला कोणती साडी नेसायची, कधी हसायचं, कधी गप्प बसायचं, हे ते पालकांना शिकवत. आदल्या वर्षी त्यांनी कमालच केली होती. एका मुलाची आई शिकलेली नव्हती, म्हणून तिच्या जागी बी.ए. झालेली मावशी आई म्हणून आत पाठवली. पोरानं आत जाऊन तिला मावशीच म्हटलं आणि सगळं उघडं पडलं. तेव्हापासून मॅडम प्रत्येक आईकडे संशयानं बघायच्या.

अशात कुंदाबाई आल्या. त्यांचे मालक, शालिग्राम, एका डाळ मिलमध्ये कामाला होते, म्हणून हे कुटुंब भडगावहून जळगावला राहायला आलेलं. कुंदाबाईंच्या गावातली शाळा सातवीत संपली आणि तिथेच त्यांचं शिक्षणही संपलं. आपली चित्रा मात्र शिकेल तेवढं शिकणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. रतिलाल सरांनी त्यांना बजावलं होतं, "विचारल्याशिवाय तोंड उघडू नका. एक शब्द खानदेशी निघाला की संपलं!"

दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. चित्रानं रंग सांगितले, कविता म्हटली. मॅडम खूश झाल्या आणि सहज म्हणाल्या, "बाळा, तुझी आई कुठे आहे?"

"माय भडगावले शे," चित्रा म्हणाली.

"मग या कोण?"

"ही वहिनी शे."

झालं! मॅडमचा आवाजच बदलला. "यंदा वहिनीला आई करून आणलंत का?" कुंदाबाईंचे ओठ हलले, पण सरांची ताकीद आठवून त्या गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या आणि चित्राचं नाव प्रतीक्षा यादीत पार तळाला गेलं.

मित्रांनो, त्यात खोटं काहीच नव्हतं. भडगावच्या एकत्र कुटुंबात दीर-नणंदा त्यांना वहिनी म्हणायचे, त्यांचं ऐकून पोरगीही आपल्या आईला वहिनीच म्हणायची. आणि माय म्हणजे आजी, बेबाबाई.

रतिलाल सर माझ्यावर टेकून म्हणाले, "सोपं आहे. पोरीला मम्मी म्हणायला शिकवा, पुढच्या वर्षी बघू." कुंदाबाईंनी तिथेच चित्राला जवळ घेतलं. "म्हन बरं, मम्मी." चित्रा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "वहिनी, तू रागावनी का?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं. कुंदाबाईंनी तिला छातीशी धरलं. माझी लाकडाची छाती, तीही भरून आली.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमचं मार्गदर्शन तुमच्यापाशीच ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून त्या चित्राला घेऊन रोज माझ्यावर येऊन बसू लागल्या. वना शिपाई म्हणाला, "अक्का, मॅडम नाही भेटणार." त्या म्हणाल्या, "नाही भेटल्या तर नाही. मी आठून उठाव नही." म्हणजे, इथून उठणार नाही. पुढं वनाच त्यांना माठातलं पाणी आणून देऊ लागला.

जूनमध्ये एका साहेबाची बदली झाली आणि वर्गात एक जागा रिकामी झाली. वनाकडून ते कळताच कुंदाबाईंनी घरी निरोप धाडला. सकाळच्या गाडीनं भडगावहून सगळं घर आलं. दीर चुडामण आल्या आल्या ओरडला, "वहिनी, पानी आनू का?" नणंद म्हणाली, "वहिनी, किती वाळी गयी तू!" एवढा गलका ऐकून मॅडम बाहेर आल्या. बेबाबाई पुढे झाल्या. "बाई, ही मन्ही सून शे. मन्हा पोरे तिले वहिनी म्हनतस, म्हनीसन नातबी वहिनीच म्हनस. माय मी शे."

मॅडम कुंदाबाईंना म्हणाल्या, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"माझं बोलणं खानदेशी निघेल अशी भीती घातली होती. आता नाही भीत." कुंदाबाई उभ्या राहिल्या. "मॅडम, पोरगी सगळं शिकेल. पण ती मला ज्या नावानं हाक मारते, ते नाव मी शाळेपायी तिच्या तोंडातून काढणार नाही. घ्यायची तर तशीच घ्या."

मॅडमनी चित्राचा हात धरला आणि तिला वर्गाकडे घेऊन गेल्या. कुंदाबाई मात्र माझ्यावर धपकन बसल्या आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडल्या.

पुढच्या वर्षीपासून मॅडम मुलांना आधी विचारू लागल्या, "तू घरी आईला काय म्हणतोस?" कुणी म्हणालं अक्का, कुणी भाभी. हमीदाबाईंचा मुलगा म्हणाला आपा. सगळ्या खऱ्या आयाच होत्या.

आता ऑफिसात गुबगुबीत खुर्च्या आल्यात आणि मी सायकल स्टँडमागे एका पायानं लंगडा पडलोय. खिळे ठोकलेत तर मी अजून उपयोगी पडेन, तेवढं जमलं तर बघा. पण मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही कुठल्यातरी ऑफिसच्या आत बसाल. तेव्हा बाहेर कोणी ताटकळत असेल तर त्याला आत बोलवा, आणि तो त्याच्या भाषेत बोलेल ते पुरतं ऐकून घ्या. एक आई माझ्यावर किती दिवस बसून होती, ते मी पाहिलंय.