भिंतीकडे तोंड केलेला थर्मामीटर

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी आयुष्यात एकदाही खोटं बोललेलो नाही. तसा आरोप मात्र माझ्यावर झाला. तो करणाऱ्याच्याच घरात मी आजही टांगलेला आहे.

एका काच फुंकणाऱ्या कारागिराने मला घडवलं. माझी नळी वाकवून त्याने तिच्यात पारा भरला आणि पाऱ्याच्या दोन्ही टोकांवर एकेक बारीक लोखंडी काडी सोडली. पारा काडीला ढकलतो आणि मागे सरतो. काडी तिथेच राहते. त्यामुळे दिवसातली सर्वांत जास्त उष्णता आणि रात्रीतली सर्वांत जास्त थंडी, दोन्ही मला सकाळी सांगता येतात. लोहचुंबकाने काड्या पुन्हा पाऱ्याला टेकवल्या की मी नव्या दिवसाला तयार.

सव्वीस वर्षं मी एका मोठ्या लाँड्रीत, कपडे वाळवायच्या खोलीत काम केलं. तिथले मुकादम माझ्यावर भारी खूश होते. "आज एवढं काही गरम वाटत नाही," असं कोणी म्हणालं की ते माझ्याकडे बोट दाखवायचे. "तुला काय वाटतं ते राहू दे. तो काय म्हणतो ते बघ." माझी छाती फुगून यायची. निवृत्त होताना त्यांनी मला मागून घेतलं आणि घरी आणलं.

घरी सगळे त्यांना आजोबा म्हणतात. आजींनी हौसेने आणलेलं जांभळ्या फुलांचं एक ऑर्किड तिथे होतं. पहिल्या वर्षी ते भरभरून फुललं. पुढच्या थंडीत आजी छातीच्या आजाराने गेल्या. त्यांना खिडकी उघडी ठेवून झोपायची सवय होती, म्हणून आजोबांनी सगळा दोष त्या खिडकीवर ठेवला. ऑर्किड लगेच स्वयंपाकघरात, शेगडीशेजारच्या फळीवर आलं आणि मी त्याच्या वरच्या खिळ्यावर. खिडक्या बंद, हीटर रात्रंदिवस चालू.

तीन वर्षं एकही फूल नाही. पानं एकेक करून पिवळी पडली, शेवटी तीनच उरली. मी रोज सांगत होतो, दिवसा एकतीस, रात्री अठ्ठावीस. एवढी ऊब असूनही झाड खंगतंय, हे आजोबांना पटेना. "लाँड्रीच्या वाफेनं बिघडलंय हे डबडं," असं म्हणून त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून टांगलं. मला! ज्याच्या शब्दावर सव्वीस वर्षं अख्खी लाँड्री चालली, त्याला! राग आला मला, अजूनही येतो. पण रंगाच्या पोपड्यांना नाक घासत मी मोजतच राहिलो. कोणी वाचत नाही म्हणून आकडा बदलणाऱ्यांतला मी नाही.

मला सरळ केलं ते सूनबाईने. ती परिचारिका आहे. असे आकडे वाचणं तिच्या हातचा मळ. फळी पुसताना तिने मला फिरवलं आणि ती थबकली.

"बाबा, हा बिघडलेला नाही. दिवस आणि रात्रीत जेमतेम तीन अंशांचा फरक आहे बघा. या झाडाला दिवसा चोवीस-पंचवीस, फार तर अठ्ठावीस चालतं. पण रात्री सतरा-अठरापर्यंत उतरायला हवं, पंधराच्या खाली मात्र नको. त्याशिवाय ते फुलाचा दांडा काढत नाही."

"एकीला त्या थंडीनं नेलं. आता तिचं झाडही थंडीत टाकू?"

"आईंना थंडीनं नाही नेलं, बाबा. जंतुसंसर्ग होता. मी होते ना त्यांच्या उशाशी. खिडकी बंद असती तरी तेच झालं असतं."

आजोबा खुर्ची ओढून बसले. "आणि पंधराच्या खाली गेलं तर?"

"तर हा सांगेल की."

झाड मागच्या खोलीत खिडकीपाशी गेलं, सोबत मीही. संध्याकाळी खिडकी चार बोटं उघडायची असं ठरलं. रोज सकाळी चहाच्या आधी आजोबा भिंग घेऊन माझ्यासमोर हजर. सव्वीस, अठरा. पंचवीस, सतरा. एके दिवशी मी चौदा दाखवले. हे त्यांना झोंबणार, मला पुन्हा भिंत बघावी लागणार, ठाऊक होतं. तरी चौदा म्हणजे चौदा! आजोबांचा हात माझ्यापर्यंत आला आणि थांबला. मग त्यांनी झाडच काचेपासून हातभर आत ओढलं आणि चार बोटांची दोन बोटं केली. दुसऱ्या दिवशी सोळा भरले.

सातव्या आठवड्यात पानाच्या बगलेतून हिरवं टोक बाहेर आलं. "मूळ असेल," आजोबा म्हणाले. विश्वास ठेवायचं धाडस होत नव्हतं त्यांचं. पण ते टोक वर वर चढत गेलं आणि त्याला कळ्या लागल्या.

मित्रांनो, तुम्ही घरात ऑर्किड ठेवाल तेव्हा आपल्याला थंडी वाजते म्हणून त्याला शेकत बसू नका. त्याची ऊब किती, गारवा किती, ते आधी समजून घ्या. आणि माझ्यासारख्याचा आकडा पटला नाही, तर झाडाची जागा बदला. आकडा बदलायला सांगाल तर मी ऐकणार नाही.

फुलं उमलली त्या संध्याकाळी हवा चांगलीच गार होती. आजोबा झाडासमोर बसले होते. सूनबाई खिडकी लावायला आली. "गारठा बाधेल हं, बाबा."

"खिडकी राहू दे," आजोबा म्हणाले. "माझा स्वेटर आण."