पोवळ्याचं पारणं

तीजाबाईंच्या दुकानातला कचरा कधी जाळला गेला नाही. नवापुरातले बाकीचे दुकानदार संध्याकाळी दारात ढीग करून काडी लावायचे, आणि तीजाबाई नाकाला पदर लावून ओरडायच्या, "अरे पाप्यांनो, त्यात किडे-मुंग्या भाजतात, डोळे फुटले का तुमचे?" बाई जैन, तीही कडक. पाणी गाळून, उकळून पिणार, कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही, दिवस मावळला की तोंडात थेंब नाही. आणि धंदा कसला म्हणाल तर प्लास्टिकचा! पातळ पिशव्या, लग्नातले ग्लास, ताटल्या, बादल्या, ताडपत्र्या. नवरा, रिखबचंद शेठ, गेल्यापासून गादीवर त्याच बसत, आणि देवाशी मारवाडीत, बाकी सगळ्या जगाशी अहिराणीत, मधूनच मराठीत बोलत.

मग कचरा जायचा कुठे? त्यांच्या हमालाला, सुकलालला, हुकूम होता. पोती भरायची आणि रंगावली नदीच्या काठावर, जिथं गवताची काडीसुद्धा नाही अशा खडकावर, नीट बघून ओतायची. जिथं जीव नाही तिथंच वस्तू टाकायची, याला त्यांच्यात परठवणं म्हणतात. साधू-साध्वी तसंच करतात. आपण दुकानदार असून साध्वीसारखं वागतो, याचा तीजाबाईंना मनातून भारी गर्व होता.

त्या वर्षी त्यांनी वर्षीतप धरलं होतं. म्हणजे वर्षभर एक दिवस जेवायचं, एक दिवस कडकडीत उपवास, आणि शेवटी आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाचा रस पिऊन पारणं. वय झालेलं, पाय सुजलेले, पण बाई हटली नाही. पारण्याला सगळ्या गावाला रस पाजायचा बेत होता. मांडव पडला होता, आणि दुकानातल्या सगळ्यात चांगल्या प्लास्टिक ग्लासांची खोकी अंगणात रचली होती.

आदल्या दिवशी दुपारी नात आली. प्रियल, त्यांच्या मुलाची, जिनेशची मुलगी. गोव्याला समुद्राचं शिकत होती आणि नुकतीच एका संशोधनाच्या जहाजावरून उतरली होती. आजीच्या पायांना तेल लावता लावता तिनं मोबाइल पुढं धरला.

"दादी, बघ. हे समुद्राच्या पार तळाशी. आमच्या कॅमेऱ्यानं काढलंय."

अंधारात दिव्याचा झोत, आणि झोतात पांढरट फांद्यांचं एक झाड.

"हाई काय शे पोरी?"

"प्रवाळ. पोवळं म्हणतो ना, त्याच्याच नात्यातलं. हे झाड नाही बरं का, हे जिवंत..."

"ओ शहाणे!" तीजाबाई उसळल्याच. "पोवळामा जीव शे, हाई तू मले शिकाडशी? रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात बसते मी. पृथ्वीकाय, म्हंजे दगडामातीतल्या, जीवांची क्षमा मागते, त्यात पोवळं येतंच."

प्रियल हसली. पडद्यावर कॅमेरा पुढं सरकला. फांद्यांवर एक पातळ पिशवी बसली होती, घट्ट, डोक्यावरून ओढलेल्या पदरासारखी. तिच्याखालच्या फांद्या काळ्या पडल्या होत्या.

"तिथं ऊन पोचत नाही, दादी. हे इतकं सावकाश वाढतं की बोटभर व्हायला माणसाचा जन्म जातो. पाण्यातून वाहत येणारं बारीक अन्न हे झेलतं, त्यावरच जगतं. वर पिशवी बसली की घास बंद."

"म्हंजे उपास."

"उपास आपण आपल्या मर्जीनं करतो. याला कोणी विचारलंय?"

तीजाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ ओढला. "मंग तेन्हं पारणं कधी?"

"त्याला पारणं नाही, दादी. ते उपाशीच मरतं."

"कोन्हा दुकाननी शे ती पिशवी?"

"नाव पुसलं गेलंय."

नाव पुसलेलं म्हणजे कोणाचंही असू शकतं. आपलंसुद्धा. तीजाबाईंनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि सुकलालला हाक मारली. रिक्षा मागवली. जिनेश आईला बाई म्हणे, तो म्हणाला, "बाई, उपवासात, एवढ्या उन्हात कुठं?" कोण ऐकतंय!

एवढ्या वर्षांचं ओतलेलं, तिथं टेकडीच झाली असेल, असं मनाशी धरून त्या रंगावलीवर उतरल्या. पाहतात तर ढीग गुडघ्याएवढा. पुलापर्यंत काठाला, काटेरी झुडपांत आणि खडकांच्या फटींत अडकलेलं, बस्स.

"बाकीनं कोठे गयं?"

"पुरमा," सुकलाल सहज म्हणाला. "दरसाल पूर येस, समदं साफ व्हई जास. तुम्हीच तं सांगेल व्हतं शेठाणी, जीव नही तठे टाक."

रंगावली तापीला मिळते, पुढं उकाईचं धरण, धरणाचे दरवाजे उघडले की सुरत, आणि सुरतेपुढं समुद्र. हे तीजाबाईंना काय ठाऊक नव्हतं? माहेरच सुरतेचं. पण टेकडी जागेवर नाही, हे त्यांना आज दिसलं. मुंगी वाचवायला निघालेली बाई, आणि अख्खी टेकडी कुणाच्या तरी तोंडावर पाठवून बसली! त्यांना रडू फुटलं, आणि रडण्याचाच राग आला. डोळे पुसून त्या रिक्षात बसल्या.

दुसऱ्या दिवशी मांडव खचाखच भरला. चरकावर ऊस करकरत होता. जिनेशनं चांदीचा लोटा आईच्या ओठांशी नेला. तीजाबाईंनी तो हातानं थांबवला आणि माईक मागितला.

"मन्हा उपासले पारणं शे. जेन्हा घास मी बंद कया, तेले नही. नदीवरना ढीग मन्हा शे. पहिले ढीग उचला, मंग रस."

मांडवात कुजबुज उठली. जिनेश कानाशी लागला, "बाई, लोके वाट देखी ऱ्हायनात. रस आंबेल!"

"मंग चरक थांबाड. संध्याकाळी ताजा काढू."

"आणि दिवस मावळला तर? आणखी एक रात्र उपाशी? तुझ्या जिवाचं काही झालं तर?"

"तर तू घाई कर," त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

आता, तपस्वी बाई उपाशी पोटी नदीवर निघाली तर मांडवात कोण बसून राहणार? भरजरी साड्या आणि रेशमी कुडते उन्हात काठाला लागले. सुकलालनं पोती वाटली. रोज कचऱ्याला काडी लावणारे दुकानदारही खाली मान घालून वाकले. तीजाबाई खडकावर छत्री धरून बसल्या आणि बोट दाखवत राहिल्या, "तठे. अजून तठे. डोळा उघडा ठेव रे!" प्रियल दर थोड्या वेळानं त्यांची नाडी बघायची आणि त्या तिचा हात झटकून टाकायच्या. पोती भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली. काठ पुलापर्यंत उघडा झाला.

सूर्य टेकायला आला. जिनेश लोटा घेऊन धावत आला. "झालं, बाई. घे."

तीजाबाईंनी वर बघितलं. पाण्यावर झुकलेल्या बाभळीच्या शेंड्याला एक पिशवी फडफडत होती.

"एकच तर आहे!" जिनेश जवळजवळ ओरडला.

"तेन्हावर बी एकच व्हती."

जिनेशनं लोटा प्रियलच्या हातात दिला आणि रेशमी कुडत्यासकट बाभळीवर चढला. जन्मात कधी झाडावर न चढलेला माणूस! बाही फाटली, कोपराला काटे रुतले, खाली बायका "अगं बाई, अगं बाई" करत राहिल्या. खाली उतरला तेव्हा पिशवी त्याच्या मुठीत होती. त्यावर नाव स्वच्छ वाचता येत होतं. त्यांच्याच दुकानाचं. त्यानं ती खिशात घातली.

सूर्याची कड तेवढी उरली होती. तीजाबाईंनी रस घेतला, लोटा डोळ्यांना लावला, नदी जाते त्या दिशेला हात जोडले आणि क्षमा मागत म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." गावानं भोजनशाळेतल्या स्टीलच्या पेल्यांतून रस प्यायला.

सकाळी दुकान उघडलं. पिशव्या, ग्लास, ताटल्यांच्या फळ्या रिकाम्या होत्या, फक्त बादल्या आणि ताडपत्र्या होत्या. भाजीवाली कालीबाई नेहमीसारखी आली.

"शेठाणी, पिशव्या द्या."

"पिशवी नही."

"मंग भाजी कसामा देऊ?"

"पदरमा दे, थैलीमा दे. पिशवी इकानी नही आते." तीजाबाईंनी गादी झटकली. "कोन्हातरी तोंडवर जाईसन बसस ती."