ग्लेनची भीती

जिभेखाली ती नारिंगी पट्टी विरघळत होती, कडवट, नावापुरता संत्र्याचा वास... विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. रोज मार्नी ती घरी, सिंकपाशी उभी राहून घ्यायची. आज, कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी, मुद्दाम गोदामात, सकाळच्या सूचना चालू असताना, ग्लेनच्या डोळ्यांदेखत तोंडात ठेवली. बघ, मनात म्हटलं. ह्याच्याचपायी हाकललंस ना मला — गोळ्यांचं व्यसन सुटावं म्हणून डॉक्टरनं दिलेल्या औषधापायी — मग माझ्या वकीलबाईंनी तुला कायदा शिकवला, की व्यसनातून उठणाऱ्या माणसाला असं काढता येत नाही. ग्लेननं पाहिलं आणि नजर बुटांकडे वळवली.

माल उचलायच्या गाडीची, फोर्कलिफ्टची, किल्ली देताना तो एवढंच म्हणाला होता, "ये मार्नी, बरं झालं आलीस," आणि तेही पढवलेल्या पोपटासारखं. तिला माफी नकोच होती. त्याची जीभ घसरायला हवी होती, बस — एकच शब्द, गर्दुल्ली, मागे सगळ्यांसमोर म्हणाला होता तसा — की पुन्हा तक्रार, आणि ह्या खेपेला घरी तो बसेल, त्याची बायको चर्चमध्ये सांगत सुटेल की तब्येत बरी नसते त्याची... मी घरी बसले तेव्हा माझी आई सांगायची तशी.

"अगं, टरकलाय तो तुला," पॅलेटवरच्या मालाला प्लास्टिक गुंडाळता गुंडाळता डीना म्हणाली. "सासू राहायला आल्यासारखा वावरतोय सकाळपासून."

मार्नीला हसू आलं आणि त्या हसण्यात फोर्कलिफ्टचं वळण चुकलं. गाडी रॅकच्या खांबाला लागली, वरचा रंगाचा डबा खाली येऊन फुटला. इथला नियम शेंबड्या पोरालाही पाठ: रॅकला धक्का लागला की किल्ली परत आणि तडक नशेसाठी लघवीची तपासणी, मग तो कुणीही असो. डीनासुद्धा एकदा जाऊन आली होती. मार्नीनं गाडी बंद केली, किल्ली काढून हातात धरली. पाठवा ना. डॉक्टरच्या औषधाशिवाय काही निघायचं नाही माझ्यात.

ग्लेन आला. त्यानं रंग पाहिला, तिला पाहिलं, मग वरचा कॅमेरा.

"होतं असं कधीकधी," तो म्हणाला. "चालू दे तुझं."

"आणि तपासणी?"

"कशाला उगाच... हे बघ, मी काही म्हटलं नाही हं, मार्नी. डीना, तू ऐकलंस ना? काहीच म्हटलं नाही मी."

आणि सगळ्यांचा साहेब असलेला तो माणूस स्वतः फडकं आणून गुडघ्यांवर बसून रंग पुसायला लागला.

हा अपमानच होता. चारचौघांसारखं वागवा, एवढ्यासाठीच तर ती भांडली होती, आणि त्यानं तिला नियमातूनच बाजूला काढून ठेवलं. संताप यायला हवा होता. पण मानेवरून एक ऊब खाली उतरत गेली, खांदे सैल पडले, छातीत सगळं गोड, मऊ... किती महिन्यांत असं बरं वाटलं नव्हतं. तिनं किल्ली फिरवली. ग्लेननं दचकून मान वर केली, आणि ती ऊब पुन्हा आली. समोर रॅकची लांबलचक रांग होती. अजून एक धक्का द्यावा, हळूच, कुणाला लागायचं नाही. फक्त एकदाच, मग नाही — आणि हे 'फक्त एकदाच' म्हणणारा आवाज तिनं ओळखला, गोळ्यांच्या दिवसांतलाच तो, आणि पेडलवरचा पाय तिला उचलता येईना.