तीन ठिपके

माझ्या हातचं काम असेल तर त्यावर तीन ठिपके असतात. बोल्टच्या डोक्यावर टोकदार पंच ठेवायचा, हातोडीने टक टक टक, झालं. गॅरेजमध्ये मला उगाच नाही उस्ताद म्हणत. निदान त्या सकाळपर्यंत तरी मला तसं वाटायचं.

त्या सकाळी भाचीचा फोन आला. "मामा, आजोबांचा ट्रॅक्टर चालू केला मी! इंजिन एकदम ठणठणीत आहे. पण गवत कापायची दांडी वर उचललीच जात नाही. ये ना बघायला. बाबांना सांगून उपयोग नाही, ते शेडमध्ये पाऊल टाकत नाहीत."

का टाकत नाहीत ते मला चांगलं ठाऊक होतं. ती दांडी ट्रॅक्टरच्या बाजूला बसवलेली असते. माणसाएवढी लांब, खाली दातेरी पाती. अकरा वर्षांपूर्वी ती वर उचललेली असताना धाडकन खाली आली. ताई वाकून पात्यांत अडकलेलं गवत काढत होती. तिच्या डाव्या पायाची बोटं गेली.

दांडी उचलली की एक पिन घालायची असते, म्हणजे ती आपोआप खाली येत नाही. ते काम भाऊजींचं. ताईला गाडीत घालता घालता मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडलो, "पिन कोण घालणार होतं? तुमचा बाप?"

"घातली होती रे," ते म्हणाले. "बहुतेक."

झालं! त्या एका 'बहुतेक'वर मी त्यांना असा धरला की विचारू नका. दवाखान्याच्या पायरीवर धरला, पाहुण्यांत धरला, ताईच्या खाटेशी बसून धरला. आठवडाभरात ते स्वतःच म्हणायला लागले, "विसरलो असेन."

तेव्हापासून हा माणूस कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो. गॅस बंद केला की अर्ध्या वाटेतून परत येतो. 'भाऊजींचं कुलूप' हा आमच्या घरातला ठरलेला विनोद आहे. काढला कोणी? मीच. मला फार हौस.

तर मी गेलो. भाची डिझेल आणायला गेली होती. शेडमध्ये मी एकटाच. ताडपत्री काढली, धूळ झटकली, सीटखालचा पत्रा खोलला. दांडी उचलायचा सगळा कारभार त्या पत्र्याआड असतो. एक लोखंडी आर्म, त्याच्या टोकाला बोल्ट, बोल्टला साखळी आणि साखळीला दांडी. साखळी नुसतीच लोंबत होती. आर्म मात्र वरच होता. म्हटलं, हा वर कसा राहिला? हात घातला तर बोटाला पिन लागली.

पिन आत होती. पूर्ण आत, गंजून जागच्या जागी बसलेली.

आणि बोल्ट तुटलेला. त्याचं डोकं आर्ममध्येच अडकलं होतं. मी ते काढलं, फडक्याने पुसलं. तीन ठिपके.

अपघाताच्या चार दिवस आधी तो बोल्ट मीच बदलला होता. तिथे कडक पोलादाचा हायटेन्साइल लागतो. त्या दिवशी डब्यात नव्हता. चालतंय, नंतर बदलू म्हणत साधा बोल्ट ठोकून दिला. आणि विसरलो. मी विसरलो! आणि अपघाताच्या दिवशी पत्रा उघडून बघायचं सोडा, मी वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं. नुसतं तोंड सोडलं होतं.

खोटं कशाला सांगू, ते डोकं भंगारात टाकायचा विचार आला. दहा मिनिटांत नवा बोल्ट बसला असता, पिन काढून तेल लावून ठेवली असती. कोणाच्या बापाला कळलं नसतं. मी ते खिशात टाकलं आणि हात धुतले.

तेवढ्यात ताईने चहाला हाक मारली. ती ओट्यावरून कप घेऊन लंगडत आली, भाऊजी समोर बसले. बसले न बसले तोच उठून गॅसचं बटण बघायला गेले. ताईने मला डोळा मारला. "बघ, निघाली स्वारी!"

आता मी काहीतरी बोलायचं आणि सगळ्यांनी हसायचं, हे ठरलेलं. भाऊजीसुद्धा ओट्यापाशी अर्धवट हसून थांबले होते, माझ्या टोमण्याची वाट बघत. माझ्याने राहवेना. खिशातून ते डोकं काढून टेबलावर ठेवलं.

"भाऊजी, पिन आतच आहे."

"कुठली पिन?"

"दांडीची. तुम्ही घातली होती. तुटला तो बोल्ट. माझा."

ताईने ते डोकं उचलून उजेडात धरलं. तिच्या शिलाई मशीनलाही माझे ठिपके आहेत, तिला वेगळं सांगायला नको होतं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली, "अकरा वर्षं मी ह्यांना सांगत आलेय, जाऊ द्या हो, मी माफ केलंय तुम्हाला. दर वेळी मलाच केवढी मोठी वाटायचे मी. कशाबद्दल माफ करत होते रे मी ह्यांना?"

"ताई, मी..."

"तू गप्प बस."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वर बघितलं तर भाऊजी ओट्यापाशी नव्हते.

ते शेडमध्ये होते. अनवाणी. पत्र्याआड हात घालून त्यांनी पिन चाचपली, बोटात धरून ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. मग तिसऱ्यांदा.

"घातली होती," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

"भाऊजी, माझं चुकलं. शिव्या घाला, दोन कानाखाली मारा."

मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पाना उचलून माझ्या हातात दिला. मी हायटेन्साइल बोल्ट आणला, साखळी जोडली. नट आवळताना दुसऱ्या बाजूने पाना त्यांनीच धरला. दांडी वर उचलली, ती वरच थांबली. जुनी पिन कशीबशी ठोकून काढली होती, ती तेल लावून त्यांनीच परत घातली.

मी हत्यारं गोळा करायला लागलो. पंच डब्यात टाकला.

"ठिपके?" भाऊजींनी विचारलं.

"नको. आता कुठल्याच कामावर नाही मारणार. कुठल्या तोंडाने मारू?"

"मार," ते म्हणाले. "कोणी केलंय ते कळायला हवं."

मी पंच परत काढला. दोन ठिपके बसले. तिसऱ्याला पंच घसरला. तिसरा नीट बसेपर्यंत भाऊजी समोरून हलले नाहीत.