पाण्याखालची नावं

"म्हातारी न्हाई गायली तर माझी मिशी, गायली तर तुझी. बुधवारी न्हावी आला की चावडीपुढं!" म्हणत नथूनं गेणबाच्या हातावर फाडकन टाळी दिली.

गेणबा त्याचा चुलत भाऊ. दोघांच्या घरांची भिंत एकच. पिळदार मिशीवर हात फिरवून तो म्हणाला, "घे वस्तरा लावून तूच. तानुबाई मयताबिगर तोंड उघडत न्हाई."

माले गावात कुणी गेलं की वरच्या आदिवासी वाडीतली तानुबाई येई आणि मेलेल्याला वाट सांगणारं गाणं म्हणे. मुळशीच्या धरणात बुडालेल्या ओढ्यांची, टेकांची, राउळांची नावं आता त्या गाण्यातच उरली होती. त्यासाठी पौडच्या बौद्धवस्तीतली चंद्रकला सहा वेळा डोंगर चढून आली होती. पीएच.डी.ची शिष्यवृत्ती संपायला दोन महिने उरले होते, आणि या नावांशिवाय तिचा प्रबंध लंगडा होता.

सोमवारी ती सातव्यांदा चढली. मागोमाग नथू आणि गेणबा.

"पोरी, गाण्यात मयताचं नाव घालाया लागतं," तानुबाई म्हणाली. "कुनाचं घालू?"

"माझं घाल की!" नथू पुढं झाला. "जित्या मानसाला वाट ठावी झाली तर बिघडलं कुटं?"

"नथूकाका, नको," चंद्रकला म्हणाली. पण तिचं बोट टेपच्या बटणावरच होतं.

म्हातारीनं त्या बोटाकडं पाह्यलं. "माझ्यामागं म्हननारं कोन हाय?" असं स्वतःशीच पुटपुटली. मग नथूला तीन डाव विचारलं, घालू का. तीनही डाव नथू हसत "व्हय" म्हणाला.

गाण्यानं नथूला त्याच्या उंबऱ्यावरून उठवलं. ओढ्यानं नेलं, उंबराखाली बसवलं, मग कुणी न पाहिलेल्या गावांतून चालवत चालवत खाली नेलं. चंद्रकला एकेक नाव वहीत टिपत होती. गेणबाचा हात कधी मिशीवरून खाली आला, त्यालाच कळलं नाही.

"झालं?" नथूनं विचारलं.

"अजून न्हाई. धाव्या दिशी भावकीतल्यानं मिशी उतरवली की मागची वाट बुजती. तवर परतता येतं."

नथू हसला. जरा उशिरा हसला.

त्या बुधवारी न्हावी आलाच नाही. त्याच्याकडं लग्न होतं. पाचव्या दिवशी नथू वरच्या शेताकडं निघाला, आणि भानावर आला तेव्हा धरणाच्या काठाला घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. नंतर वाडीच्या बाया मोळ्या घेऊन उतरल्या. त्यानं थट्टा केली, तर कुणी मान वळवली नाही. तो नेहमीसारखा ओरडून बोलायला लागला, पण आवाज त्यालाच लांबून ऐकू येत होता.

पुढच्या बुधवारी न्हाव्यानं चावडीपुढं पोतं अंथरलं. दहावा दिवस. अख्खं माले जमलं होतं. वाडीतनं तानुबाईही उतरली होती, ती कडेला चंद्रकलेशेजारी बसली.

"गेण्या, राहू दे," नथू खालच्या आवाजात म्हणाला. "पैज मोडली मी. मीच हरलो म्हन."

"आन गावानं मला काय म्हनावं? शब्द फिरवला?"

"पाया पडतो तुझ्या."

नथू खरंच वाकला. लोकांत हशा पिकला. त्यानं जन्मभर सोंगंच केली होती. हे आणखी एक.

"बघा, बघा! जितलेला पाया पडतोय!" गर्दीतनं कुणी ओरडलं.

चंद्रकलेनं पिशवीतनं कॅसेट काढली. "आजी, मी पुसून टाकते हे."

"तुझ्या डबीत न्हाई ते, पोरी. म्या म्हटलंय न्हवं?"

चंद्रकलेनं कॅसेट दोन्ही हातांत घट्ट धरली. मग पुन्हा पिशवीत ठेवली.

गेणबा पोत्यावर बसला. वस्तरा एका अंगानं फिरला, मग दुसऱ्या. टाळ्या वाजल्या, कुणी शीळ घातली. उघड्या ओठावर पालथा हात फिरवत गेणबा उठला.

"झाली का रं फिटंफाट, नथ्या?"

नथू गर्दीतून बाहेर पडून धरणाच्या वाटेला लागला होता. सावकाश चालला होता, रोजची वाट असावी तसा.

"नथ्या!" गेणबानं हाक मारली. "ए नथू!"

तो तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच तानुबाईनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"आता नाव घेऊ नगं."